नेपाळांत शिकवावयास जाण्यापूर्वीं

शिक्षण पुरें झाल्यावर आणि नोकरींत पडण्यापूर्वीं तीनचार महिने परदेशीं जावें, तेथील एखाद्या लोकशिक्षणाच्या कामास विनावेतन हातभार लावावा, अशी इच्छा हल्लीं आपल्या घरांतील पुष्कळ मुलामुलींच्या मनांत येऊं लागली आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची कन्या याच हेतूनें नेपाळांत जाणार आहे, आणि सामानांत काय काय घ्यावें असें तिनें मला विचारिलें. लोकरीचे कपडे व औषधें यांची यादी तिची आई माझ्याहून चांगली करील. मला जें सांगावयाचें तें निराळें आहे.

पहिला प्रश्न असा कीं, आपणांस तेथें बोलाविलें कोणीं? भारतीय माणसास नेपाळांत शिरण्यास व्हिसा लागत नाहीं, आणि १९५० च्या तहानें ये-जा मोकळी आहे. पण सीमा ओलांडण्याची मोकळीक म्हणजे दुसऱ्याच्या वर्गांत जाऊन उभें राहण्याचा अधिकार नव्हे. २०१५ च्या राज्यघटनेनें तेथील माध्यमिकपर्यंतचें शिक्षण ७५३ स्थानिक पालिकांच्या हातीं दिलें आहे. त्या पालिकेला, शाळेच्या व्यवस्थापन समितीला आणि मुख्याध्यापकांना आपण हवे आहों काय, हें त्यांच्याच पत्रावरून कळावें. सेवा करणाऱ्याकडूनच भारी शुल्क घेऊन त्याला कोठें तरी नेऊन सोडणारे मध्यस्थ पुष्कळ आहेत, त्यांच्या सुबक चित्रांवरून तें कळत नाहीं.

अनाथाश्रमाचें नांव निघालें तर दुप्पट सावध असावें. १९९६ ते २००६ या यादवीच्या काळांत हुम्लासारख्या दूरच्या जिल्ह्यांतील आईबापांस 'मुलाला शहरांत शिकवितों' असें सांगून दलालांनीं मुलें नेलीं, आणि आईबाप हयात असतां काठमांडूंत तीं अनाथ म्हणून दानशूर पाहुण्यांपुढें उभीं केलीं. पाहुणे प्रेमळ होते, यांत संशय नाहीं. त्यांच्या प्रेमामुळेंच तो व्यापार चालला.

दुसरी गोष्ट भाषेची. लिपि देवनागरी, शब्द निम्मे संस्कृत, तेव्हां आपणांस काय अवघड, असें पुष्कळांस वाटतें. पण नेपाळींत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण! छडी हातीं धरून आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांस हा शब्द जरा बोंचतोच. 'घाम' म्हणजे तेथें ऊन्ह. संस्कृत 'घर्म' शब्दाचीं हीं दोन लेकरें, एक आकाशांत राहिलें, दुसरें आपल्या कपाळावर उतरलें. शब्दांच्या या गमती चार दिवसांत अंगवळणीं पडतात. आदरार्थाचें तसें नाहीं. तँ, तिमी, तपाईं, हजुर अशा पायऱ्या तेथें आहेत, आणि गांवोगांवच्या 'सामुदायिक सिकाइ केन्द्रां'त शिकावयास येणारी मंडळी लहान मुलें नसतात. दिवसभर राबून वही घेऊन बसलेल्या चाळीस वर्षांच्या बाईला विशींतल्या मुलीनें 'दिदी' आणि 'तपाईं' म्हटलें पाहिजे. तें चुकलें तर पुढचा धडा कितीही उत्तम असो, बाई उद्यां येणार नाहीं. शिवाय २०२१ च्या जनगणनेंत त्या देशाच्या १२४ मातृभाषा नोंदल्या आहेत. तामांग, थारू किंवा मैथिली ज्यांच्या घरीं बोलतात त्यांना नेपाळीही शिकावीच लागते.

त्या लोकांनीं काय मिळविलें हेंही जाणून जावें. जंगबहादुर राणा यांनीं १८५४ सालीं काठमांडूंत इंग्रजी शाळा काढिली, ती मूळ आपल्या कुळांतील मुलांपुरती. राणांचा अंमल १९५१ सालीं संपला तेव्हां देशांतील साक्षरांचें प्रमाण शेंकडा पांचांच्या आसपास होतें. २०२१ सालीं तें शेंकडा ७६.२ वर आलें, पुरुषांत ८३.६ आणि स्त्रियांत ६९.४. ही मजल मुख्यतः तेथल्याच शिक्षकांनीं आणि शाळेकरितां दगड-माती वाहणाऱ्या गांवकऱ्यांनीं मारली आहे. आपण अंधारांत पहिला दिवा घेऊन जात आहों, हा समज घरींच ठेवावा.

वेळ साधणें हेंही महत्त्वाचें. तेथें व्यवहारांत विक्रम संवत् चालतो, पण महिने सौर. शाळेचें वर्ष एप्रिलच्या मध्यावर वैशाखांत सुरू होतें. असारांत, म्हणजे जूनच्या मध्यापासून, भाताची लावणी. तेव्हां प्रौढ स्त्रियांचा वर्ग रिकामा दिसला तर तो त्यांचा आळस नव्हे. शरदांत दशैंची लांब सुट्टी पडते. आपल्या सोयीनें विमानाचें तिकीट काढून बंद शाळेच्या दाराशीं उभें राहण्यांत काय अर्थ?

आणि तेथें पोंचल्यावर पहिला पंधरवडा मागील बाकावर बसावें. शिक्षकाला बाजूस सारून फळ्याचा ताबा घेऊं नये. तीन महिन्यांनीं आपण जाऊं, तो तेथेंच राहील. मुलांपुढें त्याची किंमत आपण कमी केली तर ती भरून कोण देणार? त्याला जें करावयाला उसंत नाहीं तें विचारून करावें: शब्दपट्ट्या, मागें पडलेल्या दोघां-तिघांना वेगळें घेणें, ग्रंथालयाची यादी.

हें सर्व मीं त्या मुलीस सांगितलें, आणि अभ्यास कोठून सुरू करावा तेंही. तिच्या इमारतीच्या दाराशीं रात्रपाळीस एक नेपाळी गृहस्थ असतात. चार वर्षें ती त्यांना रोज पाहते, पण नांव ठाऊक नव्हतें. आतां रोज संध्याकाळीं अर्धा तास ती त्यांच्या खोलीवर बसून बोलणें शिकते. त्यांचें गांव पश्चिमेकडील अछाम जिल्ह्यांत आहे आणि दोन मुलें तेथेंच आजीपाशीं शाळेंत आहेत, हें तिला या महिन्यांत कळलें. पहिल्या दिवशीं ती त्यांस 'तिमी' म्हणाली. त्यांनीं हंसून सोडून दिलें. दुसऱ्या दिवशीं त्यांच्या पत्नीनें चहाचा पेला पुढें ठेवतां ठेवतां तें दुरुस्त केलें.