शिवनेरीची सोयरीक

युरोपातल्या राजघराण्यांची नाती उलगडणारी एखादी रील तुमच्याही फोनवर येऊन गेली असेल. 1914 मध्ये ब्रिटनच्या गादीवर पाचवा जॉर्ज, जर्मनीत कैसर विल्हेल्म आणि रशियात झार निकोलस. इंग्रजीत हे तिघं नुसते ‘कझिन’. मराठीत मात्र नातं नीट सांगता येतं. जॉर्जचे वडील आणि विल्हेल्मची आई हे सख्खे भाऊबहीण, म्हणजे हे दोघं आते-मामेभाऊ. जॉर्ज आणि निकोलस यांच्या आया डेन्मार्कच्या सख्ख्या बहिणी, म्हणजे ते मावसभाऊ. तरीही महायुद्ध झालंच.

हे सगळं आपण आवडीनं बघतो, पुढं पाठवतो. पण मला सांगा, शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरीवरच का झाला? जुन्नर-आंबेगावच्या पोरांना हा प्रश्न विचारला की उत्तर ठरलेलं, ‘किल्ला मजबूत होता म्हणून.’ बरोबर आहे, पण अर्धंच. मजबूत किल्ले काही कमी नव्हते. शिवनेरीवर सोयरे होते. शहाजीराजांचा थोरला मुलगा संभाजी याचं लग्न शिवनेरीचे किल्लेदार विजयराज यांची मुलगी जयंती हिच्याशी झालं होतं. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’त हे लग्न आलंय. म्हणजे गरोदर जिजाऊ राहिल्या त्या थोरल्या लेकाच्या सासुरवाडीच्या आसऱ्याला.

आणि तो काळ कसला होता? जिजाऊंचे वडील लखुजी जाधव आणि शहाजीराजे एकाच बाजूला राहिले नव्हते. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूनं, तर लखुजी मोगलांकडून. सासरा-जावई समोरासमोर! पुढं जुलै 1629 मध्ये निजामशहाच्या दरबारात, दौलताबादला लखुजींचा मुलांसह खून झाला. 19 फेब्रुवारी 1630 ला शिवरायांचा जन्म. मधले सात महिने मोजा. ज्या बाईचं माहेर असं कापलं गेलं, तिला व्याह्यांचा किल्ला किती मोलाचा वाटला असेल? शिवजयंतीच्या भाषणांत जयंतीबाईंचं नाव मी तरी अजून ऐकलेलं नाही.

भोसल्यांची वंशावळ उभी वाचली की बाप-मुलगा-नातू एवढंच दिसतं. आडवी वाचली की राजकारण दिसतं. मालोजीराजांची बायको फलटणच्या निंबाळकरांची. शिवरायांच्या सईबाई त्याच घरातल्या. त्यांची लेक सखुबाई परत फलटणलाच, मामाच्या घरी, बजाजींच्या मुलाला, महादजीला दिली. मोहित्यांचं बघा : शहाजीराजांच्या तुकाबाई मोहित्यांच्या, शिवरायांच्या सोयराबाई मोहित्यांच्या आणि राजारामांच्या ताराबाई हंबीरराव मोहित्यांची लेक, म्हणजे राजारामांची मामेबहीणच. शिर्क्यांशी तर सरळ साटंलोटं. येसूबाई इकडं आल्या, महाराजांची राजकुंवर तिकडं गणोजींना दिली. सरदार घराणी स्वराज्याला बांधली गेली त्यात तलवारीइतकाच या मुलींचा वाटा होता. मुलींना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे.

हा इतिहास झाला म्हणता? मग आपल्या गावच्या कुठल्याही लग्नाच्या ग्रुपवरचा बायोडाटा उघडा. ‘मामाचे कूळ’, ‘नातेसंबंध’ आणि पुढं पाच-सहा आडनावांची रांग. तीच पद्धत, फक्त किल्ल्याच्या जागी बागायत आणि पुण्यातला फ्लॅट. आडनाव लागतं, बाईचं नाव लागत नाही. राजघराण्याचं कूळ सांगून जातीबाहेरची सोयरीक नाकारणाऱ्यांना एक गोष्ट आठवत नसावी. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी कागलच्या घाटग्यांची मुलगी इंदूरच्या होळकरांना, म्हणजे धनगर राजघराण्यात द्यायचं ठरवलं. महाराजांच्या मागं 1924 मध्ये ते लग्न झालं. राजे ज्या सोयरिकीला घाबरले नाहीत तिला आपण शंभर वर्षांनी घाबरतोय, हे मला तरी पटत नाही.

कुणबी दाखल्यांसाठी गेल्या दोन-तीन वर्षांत घरोघरी वंशावळी काढल्या गेल्या. जुन्नरच्या, घोडेगावच्या तहसील कचेरीबाहेर तुम्हीही कदाचित रांगेत उभे असाल. बाप, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. ‘सगेसोयरे’ हा शब्द सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाला, तरी ज्यांच्यामुळं सोयरे होतात त्या बायका त्या कागदावर नाहीत. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आता आईचं नाव आधी आणि वडिलांचं नंतर लिहायचा नियम आहे. चांगलं झालं. पण तो पुढच्यांसाठी. मागच्यांचं काय?

ती कागदावरची वंशावळ अजून घरात असेल तर काढा. आजीला, थोरल्या आत्याला विचारा : पणजीचं माहेर कुठलं, लग्नाआधी तिचं नाव काय होतं (आपल्याकडं लग्नात नावही बदलायचे), तिच्या बहिणी कुठं दिल्या, दिलेल्या पोरींपैकी कुणी परत आली का, आली असेल तर का. शेवटच्या प्रश्नाला घरात जरा शांतता पसरेल, तरी विचारा. हे सांगणाऱ्या बायका ऐंशीच्या पुढं आहेत. लिहायला घेताना कागद आडवा धरा, उभा पुरणार नाही.