मुलांच्या दुखण्याचे मोल कोण ठरवणार?

एखाद्या औषधावर सरकारने पैसा खर्च करावा की नाही, हे ठरविण्यासाठी आरोग्य-अर्थशास्त्राने एक मोजपट्टी बनविली आहे. ठणठणीत आयुष्याचे एक वर्ष म्हणजे १, मृत्यू म्हणजे ०. आजारी माणसाचे वर्ष बहुधा या दोहोंच्या मधे कुठेतरी. मोजण्याला आमचा विरोध नाही. ज्यांची मोजदाद होत नाही त्यांच्या वाट्याला काही येत नाही, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? पण मोजपट्टी कोणाच्या हातात आहे?

१९९३ च्या जागतिक बँकेच्या विकास अहवालाने आजारांचा भार मोजताना वयाचेही वजन लावले. पंचविशीतल्या माणसाचे वर्ष सर्वांत मोलाचे, तान्ह्या मुलाचे जवळपास नगण्य! पुढे टीका झाली आणि २०१० च्या जागतिक अभ्यासात हे वजन काढून टाकावे लागले.

मुलांसाठी आज 'ईक्यू-५डी-वाय' ही प्रश्नावली वापरतात. चालणे-फिरणे, स्वतःचे आवरणे, नेहमीची कामे, दुखणे आणि चिंता-उदासी एवढेच विचारतात. उत्तर मूल देते. त्या उत्तराचे गुण मात्र प्रौढ ठरवतात. २०२० साली ठरलेल्या पद्धतीत प्रौढांना दहा वर्षांच्या मुलाची कल्पना करायला सांगतात. कोवळ्या मुलांना मरणाचे प्रश्न विचारू नयेत, हे आम्हालाही पटते. तरीही ऑस्ट्रेलियात वेगळी प्रश्नावली घेऊन, सोप्या रीतीने किशोरवयीनांनाच विचारले, तेव्हा त्यांनी चिंता, दुःख, वैताग यांना प्रौढांपेक्षा अधिक वजन दिले. आपल्या वतीने दुसऱ्यानेच बोलायचे, हा प्रकार आपल्या समाजाला नवा नाही.

आता विदर्भात या. सिकलसेल इथल्या आदिवासींत आणि आपल्या बौद्ध समाजात मोठ्या प्रमाणावर आहे. त्याची कळ अचानक उठते, काही दिवस छळते आणि जाते. प्रश्नावली विचारते, 'आज' कसे आहे? बुधवारी वर्गात हसत बसलेले मूल 'दुखत नाही' यावर खूण करील. शुक्रवारी तेच दवाखान्यात कण्हत असेल. जन्मापासून थकव्यातच वाढलेल्या मुलाला तर थकवा म्हणजे नेहमीचेच. आणि थकव्याचा प्रश्न त्या पाचांत नाहीच! (इंग्लंडात शेफिल्डला मुलांशी बोलून तयार केलेल्या 'सीएचयू-९डी'त तो आहे.)

केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागात २०१७ पासून अशा खर्च-लाभाच्या तपासणीचे काम चालते. २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही जाहीर झाली. आमची मागणी साधी आहे. गडचिरोली-चंद्रपूरच्या मुलांशी आधी त्यांच्या बोलीत बोला. बऱ्या दिवशी विचारा, कळ उठलेल्या आठवड्याचेही विचारा. बुडालेली शाळा आणि आईची बुडालेली मजुरी हिशेबात धरा. गुण ठरवायला माणसे निवडाल, तेव्हा त्यांत या मुलांच्या आयाही घ्या.