सोमवारी सर येतील

नारायणगावचा बाजार शनिवारचा. आमच्या मामींनी त्या बाजाराचा नेम पन्नास वर्षांत क्वचितच चुकवला असेल. घरामागच्या वाफ्यात मेथी माजलेली असली तरी बाजारातली जुडी उलटीसुलटी करून "काय बाई हे भाव!" असे म्हटल्याखेरीज त्यांचा शनिवार पुरा होत नसे. २०२२ च्या पावसाळ्यात अशाच एका शनिवारी, सकाळी अकराच्या सुमारास, चिखलात त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. वय अठ्ठ्याहत्तर.

"दिवाळीच्या अंकात हे काय काढून बसलात?" असे आमच्या सौ.ने विचारलेच. पण शंकरपाळ्यांचा डबा पुढ्यात घेऊन अंक वाचणाऱ्या घराघरांत एखादी मामी असतेच, म्हणून सांगतो.

गावातल्या डॉक्टरांनी फोटो काढला, कळ थांबण्याचे इंजेक्शन दिले आणि पुण्याला न्या म्हणाले. अंतर पंचाहत्तर किलोमीटरचे. पण चाकणपाशी गाडी अडकली की किलोमीटरला काही अर्थ उरत नाही. पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. खाट मिळाली, सलाईन लागले. नर्सबाई मायाळू होत्या. एक तरुण डॉक्टर येऊन गेले. बिचाऱ्याच्या एकट्याच्या अंगावर तीन मजले होते. ऑपरेशनचे विचारले तर म्हणाले, "सोमवारी सर येतील."

टूडी एको? सोमवारी. भुलेचे डॉक्टर? सोमवारी. व्यायाम करून घेणाऱ्या बाई? त्याही सोमवारी. सोमवारी सर आले, तपासण्या झाल्या आणि मंगळवारी दुपारी दोनला ऑपरेशन झाले. उत्तम झाले. पण पडल्यापासून तोवर पंचाहत्तर तास उलटले होते. अशा मोडीचे ऑपरेशन होता होईल तो दोन दिवसांच्या आत व्हावे असे वैद्यकाचे सांगणे आहे. उताणे पडून पडून छातीत कफ दाटला, त्याचा न्यूमोनिया झाला आणि बाराव्या दिवशी मामी गेल्या.

तेराव्याची पंगत उठल्यावर मामांनी मला बाजूला घेतले. मामा निवृत्त तलाठी. प्रश्नही सात-बाराच्या उताऱ्यासारखा नेमका. "अरे, ती मंगळवारी पडली असती तर?"

मला उत्तर देता आले नाही. मग वाचत सुटलो. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात बेल आणि रेडेलमायर या दोन डॉक्टरांनी १९८८ ते १९९७ मधल्या तातडीच्या सुमारे ३८ लाख भरत्यांचा हिशेब मांडला आणि २००१ साली तो छापला. मृत्यूच्या १०० प्रमुख कारणांपैकी २३ कारणांत शनिवार-रविवारी आलेले रोगी इतर वारी आलेल्यांपेक्षा अधिक दगावले होते. सुटीत नक्की कमी दगावले, असे एकही कारण निघाले नाही. माझा हात टेलिफोनकडे गेला, मामांना सांगावे म्हणून. तेवढ्यात पुढचे वाक्य वाचले. खुब्याचे हाड मोडलेल्यांत मात्र वाराने लक्षात घेण्याजोगा फरक पडलेला नव्हता! टेलिफोन राहिला.

२००७ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीतून हृदयविकाराचा हिशेब आला. १९९९ ते २००२ या वर्षांत इतर वारी दाखल झालेल्यांपैकी शंभरी १२, तर शनिवार-रविवारी आलेल्यांपैकी १२.९ रोगी महिन्याभरात गेले. एवढ्याशाने काय होते, असे वाटेल. पण हजारांमागे ती नऊ घरे होतात. सुटीत आलेल्यांवर अँजिओप्लास्टीसारखे उपचार कमी झाले होते. तेवढे हिशेबात धरले की फरक जवळजवळ नाहीसा होई. यावर आक्षेपही आहे, आणि तो मला पटतो. बारीकसारीक दुखणी सोमवारची वाट बघत घरी थांबतात. रविवारी येतो तो धीर सुटलेलाच. इंग्लंडात याच वादाची भर पडून २०१६ साली तरुण डॉक्टरांचे संप झाले.

आणि आपल्याकडे? ठाण्याच्या कळवा इस्पितळात चोवीस तासांत १८ रोगी गेल्याची बातमी आली तो १३ ऑगस्ट २०२३, रविवार. नांदेडच्या सरकारी इस्पितळात चोवीस तासांत २४ जण गेले, त्यांत १२ तान्ही मुले होती. ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३, म्हणजे शनिवार-रविवार. अनंत चतुर्दशीपासून गांधी जयंतीपर्यंत सुट्यांची माळच लागली होती. वारच दोषी असे मी म्हणत नाही. औषधे आणि माणसे अपुरी असल्याची ओरड होती, आणि मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. पण कॅलेंडर काढून पाहिल्यावर मी बराच वेळ ते मिटले नाही.

नारायणगावातच डॉ. सदानंद राऊत सर्पदंशावर उपचार करतात. त्यांचे नाव जुन्नर तालुक्याबाहेरही ठाऊक आहे. साप काही पंचांग बघून चावत नाही, त्यामुळे प्रतिविषाची लस आणि ती देणारा हात ही दोन्ही कुठल्याही वारी लागतात. खुब्याला मात्र सर्जन, भुलेचे डॉक्टर, एकोवाले, थिएटरची नर्स, रक्तपेढी अशी मोठी पंगत एका वेळी बसवावी लागते. रविवारी तीच बसत नाही.

गेल्या महिन्यात नारायणगावला गेलो होतो. मामा ओसरीवर मामींची फाईल उघडून बसले होते. प्रत्येक कागदावर तारीख होती, वार कुठेच नव्हता. मामांनी भिंतीवरचे २०२२ चे कालनिर्णय उतरवून मांडीवर घेतले होते. ते फेकायचे नाही असे त्यांनी सुनेला बजावले आहे. निळ्या बॉलपेनने ते तारखांपुढे एकेक वार लिहीत होते.

"बस," ते म्हणाले. एका कागदावर 'रवि' लिहिले आणि पान उलटले.