हात मोजू नका, हिशोब मागा

अमेरिकेच्या संसदेत मेंदूच्या संशोधनाला पैसा द्यायचा म्हटलं की दोन्ही पक्षांचे हात वर जातात. मेंदूच्या विरोधात बोलणार कोण? २०१६ साली तिथं उपचार-संशोधनाचा मोठा कायदा झाला. प्रतिनिधीगृहात ३९२ विरुद्ध २६, सिनेटमध्ये ९४ विरुद्ध ५. ओबामाने २०१३ साली जाहीर केलेल्या मेंदू-योजनेला त्यातून दहा वर्षांत दीडशे कोटी डॉलर. टाळ्या. फोटो. आपला पांढरपेशाही इथं बसून मान डोलावतो : वा, याला म्हणतात लोकप्रतिनिधी!

दोस्तहो, मतं मोजणं सोपं असतं. नंतर काय झालं ते बघा.

२०२३ साली या योजनेला ६८ कोटी डॉलर होते. २०२४ साली कायद्यातला ठरलेला वार्षिक हप्ता ४५ कोटींवरून १७.२ कोटींवर आला. ही तूट नेहमीच्या बजेटातून भरायची होती. भरली नाही. योजना ४०.२ कोटींवर घसरली, २०२५ साली ३२.१ कोटींवर. टाळ्यांच्या वेळचे ३९२ वीर कुठं गेले? एकदाच हात वर करणं म्हणजे पाठिंबा नव्हे. दरसाल पैसा राखतो तो पाठीराखा. हे पहिलं माप.

दुसरं माप जास्त कडक आहे. पैसा कुणाच्या मेंदूवर, आणि कशासाठी?

१९६७ च्या जुलैत डेट्रॉइट पेटलं. ४३ माणसं मेली, बहुतेक काळी. त्याच सप्टेंबरात बोस्टनच्या तीन डॉक्टरांनी अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकाला पत्र लिहिलं. मतितार्थ असा : गरिबी, बेकारी, गलिच्छ वस्त्या ही कारणं सगळ्यांना दिसतात, पण वस्तीतले सगळेच दंगल करत नाहीत. मग करणाऱ्यांच्या मेंदूत बिघाड असेल काय, ते तपासा. म्हणजे पोटात आग असली तरी दोष डोक्याचा! पुढं १९७० च्या सुमारास याच मंडळींच्या संस्थेला पाच लाख डॉलर द्या, असं संसदेनं सरकारी मानसिक आरोग्य संस्थेला सांगितलं. तोही मेंदू-संशोधनाला पाठिंबाच होता बरं का. मिशिगनच्या विधिमंडळानंही मनोरुग्णालयात कोंडलेल्या माणसांच्या हिंसकपणावर मेंदूची शस्त्रक्रिया करून बघायला पैसा मंजूर केला. १९७३ साली कोर्टानं ते रोखलं. कोंडलेल्या माणसाचा होकार हा होकारच नव्हे, असं कोर्ट म्हणालं. जे आमदारांना कळलं नाही, ते कोर्टाला सांगावं लागलं.

ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरनं नाव घेतलं, त्यांच्या वस्त्यांची ही गोष्ट आहे. ती आपल्याला परकी नाही. बंड करणाराचं डोकं फिरलंय, हे गावच्या पाटलापासून शहरातल्या साहेबापर्यंत सगळे म्हणत आलेत.

तिसरं माप शिशाचं. शिसं पोराच्या मेंदूत गेलं की बुद्धी खातं, आणि ते परत काढून घेता येत नाही. हे कळायला नवं संशोधन नको. तरी २०१४ साली मिशिगनमधल्या फ्लिंट गावात, जिथं काळ्यांची वस्ती जास्त, पैसा वाचवायला पाण्याचा साठा बदलला आणि जुन्या नळांतलं शिसं पोरांच्या पेल्यात उतरलं. २०२१ च्या कायद्यात शिशाचे नळ बदलायला १५०० कोटी डॉलर ठेवले. त्याला प्रतिनिधीगृहात मतं किती? २२८ विरुद्ध २०६. त्या कायद्यात रस्ते होते, पूल होते, भांडणाची दुसरी कारणं होती, मान्य. पण प्रयोगशाळेतल्या मेंदूला ३९२ आणि वस्तीतल्या मेंदूला २२८, हा फरक नजरेआड करू नका.

याचा अर्थ संशोधन नको, असा कुणी काढला तर तो आपला माणूस नाही. आपल्या वस्तीत फेफरं आलं की अजून चप्पल हुंगवतात. लकवा झाला की अंगाऱ्याची पुडी येते. विज्ञान आपल्यालाच जास्त पाहिजे. ते श्रीमंतांचं खेळणं म्हणून सोडून दिलं तर भगताची चांदी.

आपल्या धर्मग्रंथांनी माणसं वाटली : कुणी मुखातून, कुणी पायातून. आपण तर त्या देहातच नव्हतो. डोक्याशी आपला संबंध ओझ्यापुरता. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं १९६९ साली आपल्या डोक्यासाठी कायदा केला, त्याचं नावच माथाडी! कायदा चांगलाच, लढून मिळाला. पण डोक्यावरच्या ओझ्याचा कायदा झाला, डोक्याच्या आतलं कोण बघणार?

तेव्हा उद्या कुणी आमदार-खासदार मेंदूच्या नावानं मत मागायला चाळीत आला, तर तीन प्रश्न घाला. पैसा दरसालचा की फोटोपुरता? मेंदू कुणाचा, आणि त्याला विचारलं का? नळाला पाणी कसलं येतं?

उत्तर नसेल तर त्याला जिन्यावरूनच परत पाठवा.