छपराखालची भिंत

गेल्या उन्हाळी सुट्टीत आमच्या दोन खोल्यांच्या घरात एक रेल्वे स्टेशन येऊन राहिले. लांबी एक वीतभर. आमचा भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात असतो. तेथे त्याला छोट्या आगगाड्यांचा नाद लागला आहे. त्याने एका खेड्यातल्या लाकडी स्टेशनच्या इमारतीचे सुटे भाग डब्यात घालून धाडले आणि फोनवर सांगितले, "मामा, तुम्ही आणि ताई मिळून बांधा. डिसेंबरात येईन तेव्हा घेऊन जाईन. पण आतून रिकामे ठेवू नका."

हा छंद आम्हाला अगदीच परका नव्हता. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. मुलगी लहान असताना तिला घेऊन आम्ही ते पाहून आलो होतो. तेव्हा आमचे लक्ष गाड्यांकडेच होते. घरांच्या आत कोणी काही मांडते, हे डोक्यातही आले नव्हते. भाच्याने समजावले, की दिवसा आतले दिसत नाही हे खरे, पण दिवे लागले की रिकामे घर लगेच उघडे पडते. जर्मनीत हॅम्बुर्ग शहरात २००१ साली सुरू झालेले असेच एक प्रचंड प्रदर्शन आहे. तेथे दर पंधरा मिनिटांनी कृत्रिम रात्र होते आणि लोक काचेला नाक लावून घराघरात डोकावतात.

माप १ ला ८७. म्हणजे साडेपाच फुटी माणूस १९ मिलिमीटरचा. खुर्चीची बैठक जमिनीपासून ५ मिलिमीटर, सहा फुटी बाक २१ मिलिमीटर. हे कोष्टक आम्ही ऑफिसच्या कॅल्क्युलेटरवर जेवणाच्या सुट्टीत मांडले. बी.कॉम.चा असाही उपयोग होतो. बाक काडेपेटीच्या काड्यांचे केले. बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचा तुकडा काळा रंगवला की कोळशाची शेगडी होते, तिचे धुराडे म्हणजे विजेची बारीक वायर. सगळे सामान एका वेगळ्या पुठ्ठ्याच्या जमिनीवर चिकटवायचे आणि वरून इमारत टोपीसारखी ठेवायची. भिंती उभ्या झाल्यावर चिमट्याने आत बाक बसवू पाहणाऱ्याला हात दोन कमी पडतात.

चुका आमच्या झाल्याच. खिडकीचे पारदर्शक प्लास्टिक झटपट चिकटणाऱ्या गोंदाने लावले, तर त्याच्या वाफेने काचा पांढुरक्या झाल्या, मोतीबिंदू झाल्यासारख्या. ते काढून साध्या पांढऱ्या गोंदाने पुन्हा लावावे लागले. मग आत छोटा एलईडी दिवा टाकला (नऊ व्होल्टची बॅटरी आणि मध्ये एक किलोओहमचा रेझिस्टर, नाहीतर दिवा जळतो), तर अख्खी इमारत आकाशकंदिलासारखी उजळली! पातळ प्लास्टिकमधून उजेड पाझरतो. भिंतींना आतून आधी काळा रंग आणि त्यावर फिका पिवळा द्यावा लागतो, हे ज्ञान आम्हाला दुसऱ्या रविवारी झाले.

आमचा खरा जीव मात्र स्टेशन मास्तरांच्या कचेरीत रमला. कारकुनाला कारकुनाची जागा ओळखू येते. तेथे या माणसाला एजंट म्हणत. तिकिटे, मालाच्या पावत्या, तारा, सगळे तोच पाही. त्याची कचेरी इमारतीच्या मध्यावर आणि तिची एक खिडकी रुळांच्या बाजूला पुढे आलेली, म्हणजे खुर्चीवरून न उठता दोन्ही दिशांची गाडी दिसावी. तारयंत्राचा टकटकाट मोठा ऐकू यावा म्हणून तो यंत्रामागे तंबाखूचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवी. आम्ही तो डबा तांबड्या कागदाचा केला. टेबलावर लेजर ठेवले, चार मिलिमीटर लांब. त्याला लाल पाठ लावली तेव्हा आमच्या सहचारिणी म्हणाल्या, "घरीसुद्धा ऑफिस आणलंत का?"

मग प्रवाशांची बाजू आली. डब्यातल्या भागांत बाहेरची भिंत होती आणि तिला दोन दारे होती. आत काहीच नव्हते. मुलीने विचारले, "एका वेटिंग रूमला दोन दारं कशाला?" भाच्याने तिकडच्या एका जुन्या स्टेशनचा नकाशा फोनवर पाठवला आणि उत्तर मिळाले. वेटिंग रूम एक नव्हतीच. एजंटच्या कचेरीला दोन तिकीट खिडक्या, दोन वेगळ्या खोल्यांत उघडणाऱ्या. एक गोऱ्यांसाठी, दुसरी काळ्यांसाठी, आणि पुष्कळ ठिकाणी दुसरी लहान. दारावर तशा पाट्या. तिकीट देणारा माणूस तोच, पैसेही तेच.

१८९२ साली न्यू ऑर्लिन्सला होमर प्लेसी नावाचा मनुष्य गोऱ्यांच्या डब्यात जाणूनबुजून बसला आणि त्याला अटक झाली. १८९६ मध्ये तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सोय समान असेल तर वेगळी ठेवण्यास हरकत नाही. त्या निकालाच्या छायेत अशा भिंती दक्षिणेत साठ वर्षे उभ्या राहिल्या. नोव्हेंबर १९५५ मध्ये तिकडच्या वाणिज्य आयोगाने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या प्रवाशांसाठी गाड्यांतील आणि वेटिंग रूममधील वेगळेपणा बंद करण्याचा हुकूम काढला, तो १० जानेवारी १९५६ पासून लागू झाला. भाच्याचा देखावा १९५० सालचा आहे. म्हणजे भिंत हवी.

भाचा जरा घुटमळला. त्याचे म्हणणे, तिकडे पुष्कळजण ही भिंत घालत नाहीत. गाडीच्या इंजिनावरचा एक खिळा चुकला तर रात्रभर जागणारे लोक येथे मात्र एकच मोठी खोली करून मोकळे होतात. छंद सुखासाठी आहे, त्यात हे कशाला, असे त्यांना वाटते. आम्हाला त्यांचा राग आला नाही. रविवारी विरंगुळा शोधणारा माणूस आम्हीही आहोत. पण शेगडी खरी, तंबाखूचा डबा खरा आणि भिंत तेवढी खोटी, हा हिशेब आमच्या लेजरात बसेना. सहा इंची भिंत म्हणजे पावणेदोन मिलिमीटर. पुठ्ठा कापला.

भिंत छपरापर्यंत उभी केल्यावर लक्षात आले, की आपला एक दिवा आता एकाच खोलीला उजेड देतो. दुसरी काळोखात. दुसरा दिवा, दुसरा रेझिस्टर आणावा लागला. पाट्यांची अक्षरे दोन मिलिमीटरहून लहान. मुलीने पहिली पाटी बारीक पेनाने लिहिली आणि दुसरीपाशी हात थांबवून म्हणाली, "बाबा, आपण गेलो असतो तर कोणत्या दारानं?"

आम्ही तिला उलट मसूर स्टेशन विचारले. तिला ठाऊक होतेच. १९०१ साली वडिलांकडे निघालेला बाल भीमराव आणि सोबतची मुले, नीटनेटके कपडे, चौकशी करणारा स्टेशन मास्तर, आणि जात कळताच त्याचा बदललेला चेहरा. बाबासाहेबांनी ते स्वतः लिहून ठेवले आहे. त्या स्टेशनात भिंत नव्हती, पाटीही नव्हती. "मग ते मॉडेलमध्ये दाखवायचं कसं?" ती म्हणाली. याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. दोन मिलिमीटरच्या चेहऱ्यावर रंगाचा ठिपका कसा द्यावा, की तो बदललेला दिसेल?

तिने दुसरी पाटी लिहिली. लहान खोलीत आम्ही तीन माणसे बसवली, त्यातली एक बाई मांडीवर गाठोडे घेतलेली, तिकीट खिडकीकडे पाहणारी. ते गाठोडे मुलीने निळे रंगवले. बाहेरून पाहिले तर खिडकीतून एवढाच निळा ठिपका दिसतो, भिंत दिसत नाही.

डिसेंबरात भाचा येईल. छप्पर आम्ही चिकटवलेले नाही.