तळच्या देशाचा कवी

आज आम्ही डेन्मार्क देशातील गुस्ताफ मुंक-पीटरसन या कवी-चित्रकाराची ओळख करून देत आहोत. जन्म १९१२ चा, सुशिक्षित घरातला. स्वप्नात दिसावीत तशी चित्रे शब्दांत आणि रंगांत उतरवायची, अशी त्यांची रीत. तिला अतिवास्तववाद म्हणतात.

वयाच्या विसाव्या वर्षी पहिला कवितासंग्रह निघाला. १९३३ साली ‘सर्वांत खालचा देश’ हा संग्रह आला. त्यात तळाशी जन्मलेल्यांकडे त्यांनी कीव करून नव्हे, आदराने पाहिले.

१९३५ साली ते बोर्नहोम बेटावर राहायला गेले. पत्नी लिस्बेथ कुंभारकाम करणाऱ्या घराण्यातील, स्वतः कसबी कारागीर. १९३७ मध्ये मुलगी झाली, उर्सुला.

तेव्हा स्पेनमध्ये जनतेने निवडलेल्या सरकारविरुद्ध जनरल फ्रँकोने बंड केले होते. सरकारच्या बाजूने लढायला देशोदेशींचे स्वयंसेवक निघाले. गुस्ताफही गेले. एप्रिल १९३८ मध्ये रणांगणावर त्यांचा अंत झाला. वय अवघे २६.

आम्ही त्यांना मानाचा सलाम करतो. पण एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. लिस्बेथबाईंनी मातीकाम सोडले नाही. लेक उर्सुलाही पुढे नामांकित कुंभारकलावंत झाली. हुतात्म्याचे नाव घेताना त्याच्यामागे घर चालवणारे हातही आठवावेत, एवढेच आमचे सांगणे.