दात्याचे नाव लिहा

आपल्या भंडारा जिल्ह्यात, पवनी येथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले आणि प्राचीन स्तूप उजेडात आला. त्याच्या दगडी कठड्यावर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांच्या कामाची नोंद आहे. राजांची नावे इतिहासात राहतातच. येथे उपासकांची आणि कष्टकऱ्यांची नावे राहिली. दानाबरोबर दात्याचे नाव जपणे ही आपल्या परंपरेची जुनी शिस्त आहे.

आज ही शिस्त आपण कितपत पाळतो? जयंतीचे फलक, शाळेतील तक्ते, विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि स्मरणिका पाहाव्यात. दीक्षाभूमीचे, अजिंठ्याचे, चैत्यभूमीचे सुंदर छायाचित्र असते आणि त्याखाली लिहिलेले असते, ‘इंटरनेटवरून साभार’. आभार मानले, पण कोणाचे? इंटरनेट हा छायाचित्रकार नव्हे. ग्रंथातील उताऱ्याखाली ‘ग्रंथालयातून साभार’ असे आपण लिहीत नाही.

विकिमीडिया कॉमन्ससारख्या संग्रहात असंख्य छायाचित्रे मुक्त परवान्याने ठेवलेली असतात. २००१ साली स्थापन झालेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने हे परवाने तयार केले. मुक्त म्हणजे बेवारस नव्हे. बहुतेक परवान्यांत छायाचित्रकार पैसे मागत नाही. आपले नाव मात्र मागतो. ते वगळले तर परवान्याची अट मोडते. आपल्या देशातील १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ तर असे सांगते की, हक्क दुसऱ्याला दिल्यानंतरही निर्मात्याचा आपल्या कर्तृत्वावरील हक्क संपत नाही.

करावयाचे फार थोडे आहे. छायाचित्राखाली चार गोष्टी लिहाव्यात : छायाचित्राचे शीर्षक, निर्मात्याचे नाव, ते जेथून घेतले ते ठिकाण आणि परवान्याचे नाव. छायाचित्र कापले किंवा त्याचे रंग बदलले असतील तर तसे नमूद करावे. परवान्यात ‘बाय-एसए’ असेल तर आपण बदललेले चित्रही त्याच परवान्याने इतरांना द्यावे लागते. ‘एनसी’ असेल तर व्यापारी वापरास मनाई असते. म्हणून जाहिराती घेणाऱ्या स्मरणिकेने विशेष काळजी घ्यावी. जागा अपुरी असल्यास शेवटच्या पानावर पृष्ठक्रमांकासह श्रेयसूची द्यावी.

काही बांधव विचारतात, “बाबासाहेब सर्वांचे आहेत, मग त्यांच्या छायाचित्राला श्रेय कशाला?” बाबासाहेब सर्वांचे आहेत हे खरेच, परंतु कॅमेऱ्यामागेही कोणी माणूस उभा होता. त्याचे नाव उपलब्ध असताना ते न लिहिणे हा त्याच्या श्रमावर अन्याय आहे.

हा प्रश्न आपल्यासाठी केवळ कायद्याचा नाही. आपल्या पूर्वजांनी रस्ते बांधले, विहिरी खोदल्या, किल्ले राखले. त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. जयंतीला गायल्या जाणाऱ्या कितीतरी भीमगीतांच्या कवींची नावे आपणच विसरत चाललो आहोत. ज्या समाजाने अनामिकतेचे दुःख शतकानुशतके सोसले, त्याने दुसऱ्याचे नाव पुसू नये.

म्हणून शहापूरच्या या विद्यालयातील प्रत्येक विद्यार्थ्याने पहिला तक्ता तयार करतानाच चित्राखाली नाव लिहिण्याची सवय लावून घ्यावी, असे आम्हांस वाटते. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनीही भ्रमणध्वनीवरून चित्र पुढे पाठविताना हाच नियम पाळावा. पवनीच्या कारागिराने छिन्नीने दगडावर जे कोरले, ते आपणांस लेखणीने एका ओळीत लिहावयाचे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!